राखण

वॉल्विस बेच्या धक्क्यावर धुकं अजून उठलं नव्हतं.
खांद्यावर दोरीचं भेंडोळं घेऊन मी बोटीवर चढले
तेव्हा कप्तान एलादिओ म्हणाला,
"मेमे, धुणं वाळत घालायला आलीस?"
सगळे हसले. मीही हसले.
दीडशे मीटर दोरी, पाच-पाच पावलांवर
नारिंगी नळ्यांच्या झिरमिळ्या,
आम्ही सातजणींनी शेडमध्ये बसून गाठी मारलेल्या.
जमिनीवर ते हसण्यासारखंच दिसतं.

पहिल्या फेरीला दोरी पेटीतच ठेवली.
मला आधी पाहायचं होतं.

पहाटे चारला गळ सुटू लागले.
गळागळाला सार्डीन,
बुडण्याआधी क्षणभर पाण्यावर तरंगणारी.
जे काही घडतं ते त्या क्षणभरात.
काळोखातून पंख आले, चोच मिटली,
आणि दोर आपल्या वजनाने खाली जात राहिला.
कुणी ओरडलं नाही.

दुपारी यंत्राने दोर ओढला,
हेक माशांमधून वर आले अकरा.
नऊ पेट्रेल, काळे, हनुवटीला पांढरा डाग.
दोन अल्बट्रॉस, काळ्या चोचीवर
हळदीचं बोट ओढल्यासारखी रेघ.
हाफेनी त्यांना सोडवून पाण्यात टाकत होता,
शेंगा सोलाव्यात तसा, न बघता.
एकाच्या पायात कडं निघालं. त्यावर आकडे.
म्हणजे कुठल्याशा बेटावर
हा पाय कुणीतरी हातात धरला होता.
"वय कळेल का याचं?" हाफेनीने विचारलं.
म्हटलं, पत्र लिहावं लागेल.

रात्री जेवताना मी पक्ष्यांचं काही बोलले नाही.
एवढंच म्हटलं, अकरा गळ, अकरा सार्डीन,
आणि त्या अकरा गळांना मासा नाही.
एलादिओचा घास थांबला.
"अकरा कुठले? अकरा तर अडकले ते.
आमिष पळवून उडून गेले त्यांचं काय?"
टेबलावर बोटाने तो हिशेब मांडत बसला,
सूप गार झालं.

दुसऱ्या पहाटे दोरी सोडली.
वारा आडवा. ती बोयात गुंतली,
एलादिओने आपल्या गावच्या भाषेत शिव्या घातल्या
आणि सुरीने चाळीस मीटर कापून समुद्राला दिले.
त्या चाळीस मीटरमध्ये नदेशीच्या गाठी होत्या,
तिचा हात दुखतो तरी घट्ट मारते ती.
हे मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही.

तिसऱ्या पहाटे हाफेनीच डोलकाठीवर चढला,
दोरी आणखी वर बांधली.
मागचे दिवे विझवले. वजनं जवळजवळ लावली,
आमिष लवकर बुडावं म्हणून.
झिरमिळ्या वाऱ्यावर नाचू लागल्या तसा
तो वरूनच ओरडला,
"मेमे, हे तर बुजगावणं!
लहानपणी उत्तरेला, बाजरीच्या शेतात
मी डबा वाजवत राखण करायचो.
चिमण्यांचे थवे ढगासारखे उतरायचे."
"मग तुला येतंच की," मी म्हटलं.

पक्षी दोरीच्या पलीकडे घिरट्या घालत राहिले,
चिडलेले.
"उपाशी राहतील का?" कुणीतरी विचारलं.
थोडे राहतील, मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी रकान्यात शून्य लिहिलं.
शून्य लिहिताना हात अडखळतो,
आपण नीट पाहिलं ना, असं वाटत राहतं.
पुढच्या फेरीला एक. तोही लिहिला.
एलादिओ वहीत डोकावून म्हणाला,
"तो माझ्यामुळे. दिवा चालू राहिला होता."

पत्राचं उत्तर चार महिन्यांनी आलं.
कड्याचा पक्षी एकतीस वर्षांचा. मादी.
धक्क्यावर उभ्या-उभ्या मी वाचून दाखवलं.
हाफेनी एकोणतीसचा.
त्याने कागद हातात घेतला, परत दिला,
आणि बोट धक्क्याला बांधलेली असताना,
समुद्राला जायला अजून दोन दिवस असताना,
डोलकाठीवर चढून
वरची गाठ ओढून पाहिली.